सुकदेव कशाला ‘हो’ म्हणाला

लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोरचा काही बोलला की तो आधी मान हलवतो, मग काय बोलला त्याचा अंदाज घेतो. खात्यात बोलण्यासारखं असतंच काय म्हणा! धागा तुटला, पाणी आण, शेठ आला. एवढ्यासाठी कोण कान खर्च करतो? बारा-बारा तास शे-दीडशे लूम एकदम धडधडत असतात, तिथे माणसं ओठ बघतात, हात बघतात, आणि मान हलवून मोकळी होतात. सुरतेत अशी मान हलवणारी हजारो माणसं आहेत, आणि सुकदेव त्यातलाच एक.

तो अमळनेरकडचा. एकोणिसाव्या वर्षी मामाच्या ओळखीने लिंबायतच्या एका खात्यात लागला. पहिला आठवडाभर रात्री खोलीवर आल्यावरही कानात लूम चालूच असायचे. मामा म्हणाला, सवय होईल. झाली की! एकतीस वर्षं त्याने लूम चालवले, गोडादऱ्यात रूम-किचन घेतलं, मुलाला शिकवलं, मुलीचं लग्न केलं. या सगळ्यात कान कधी गेले ते त्याला कळलं नाही. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी. पुरुषाचा जाडा आवाज बराच काळ टिकला. बारीक आवाज तेवढे निघून गेले, आणि घरात सगळ्यात बारीक आवाज होता कलाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा.

आता कोणी म्हणेल, मग सांगायचं ना तिला, की बाई, मला ऐकू येत नाही. हां, सांगतोय! बहिरा म्हणवून घ्यायचं, तेही बायकोकडून? सुकदेवला त्यापेक्षा मान हलवणं सोपं वाटलं. कलाबाई भाजीचं विचारायची, हा मान हलवायचा. गावाकडच्या लग्नाचं विचारायची, हा मान हलवायचा. तिला वाटायचं, माणूस अबोल आहे पण कशाला नाही म्हणत नाही. शेजारणींना ती कौतुकाने सांगायचीसुद्धा.

कलाबाईला जाऊन पाच वर्षं होतील. छातीत गाठ होती. कळलं तेव्हा हातावर सूज आली होती आणि डॉक्टरने कागद बघून नुसतं तोंड वाकडं केलं. सुकदेवच्या मनात तेव्हापासून तिच्याबद्दल एक अढी बसली ती बसलीच. दहाव्याला सगळे भाऊबंद बसले असताना तो मोठ्याने म्हणाला होता, “एका खोलीत झोपत व्हतूत आम्ही. मले एक शबद बोलनी नही ती. लपाडं माझ्यापासून!” त्याचा मुलगा धर्मेंद्र तेव्हा समोर बसला होता. तो उठून बाहेर गेला. सुकदेवला वाटलं, पोराला रडू आलं असेल.

तर गोष्ट आहे ती मुलीच्या, चंचलच्या, लग्नाच्या व्हिडिओची.

लग्न कलाबाई जायच्या आधी चौदा महिने झालं. फोटोवाल्याने व्हिडिओ द्यायला आठ महिने लावले, त्यात आजारपण निघालं, मग कुणाला सुधरतंय बघायला! तो पेन ड्राइव्ह कपाटात साड्यांखाली पडून राहिला. सुकदेवने काम सोडलं, घरी बसला, तेव्हा त्याने तो शोधून काढला. कलाबाई हलताना, चालताना दिसेल असं घरात तेवढंच होतं.

त्यात एक जागा होती. पंगती उठल्यात, मुलगी निघायची आहे. सुकदेव फेटा बांधून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय आणि शेजारी त्याचा थोरला भाऊ. कलाबाई हिरव्या साडीत येते. जेठ बसलेत म्हणून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, तोंड झाकलेलं. ती वाकते, सुकदेवला काहीतरी सांगते. एवढं तेवढं नाही, चांगली सहा-सात सेकंद बोलते. पदर तोंडाशी हलताना दिसतो. मग सुकदेव मान हलवतो. हो, हो. आणि कलाबाई सरळ होते, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखी, आणि निघून जाते.

सुकदेवने ही जागा पहिल्यांदा पाहिली आणि लगेच मागे नेऊन परत लावली. ओठ दिसले असते तर त्याने एका क्षणात ओळखलं असतं. पण पदर! तिने काय विचारलं होतं? आणि आपण कशाला ‘हो’ म्हणालो? त्याला काहीच आठवेना. आठवणार कुठून, ऐकलंच नव्हतं तर! त्या दिवशी त्याने दोनशे माणसांपुढे मान हलवली असेल. पण बाकीची माणसं आहेत, ती परत विचारू शकतात. ही एकटी विचारायला उरली नव्हती. चंचलसाठी काही करायचं कबूल केलं होतं का? गावाकडच्या देवीला जायचं म्हणाली होती? जे काही होतं ते आपण केलं की नाही? ती वाट बघत गेली का?

असला विचार एकदा डोक्यात शिरला की काढता येतो का? रोज दुपारी तो व्हिडिओ लावायचा आणि त्या जागेला टीव्हीचा आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत नेऊन पडद्याला कान लावायचा. कानात नुसतं धबधब वाजायचं. तो समजायचा, लग्नातला डीजे आहे, त्याच्याखाली तिचा आवाज दबलाय. म्हणजे आवाज आहे, आपला कानच नालायक.

एकदा धर्मेंद्र घरी असताना ही जागा लागली. धर्मेंद्र कपड्याच्या मार्केटमध्ये पार्सलच्या ऑफिसात होता, सुट्टीला तेवढा घरी असायचा. ही जागा आली की तो नेहमी उठून जायचा. सुकदेवला वाटायचं, आवाजाला कंटाळतो. त्या दिवशी त्याने विचारलंच, “आठे तुनी माय काय बोली राह्यनी रे?”

धर्मेंद्रने बापाकडे असं पाहिलं की सुकदेवने पुन्हा विचारलं नाही. पोराने चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला.

मग दिवाळीला नवा टीव्ही आला. भिंतीवरचा, पातळ. जुन्या डब्याला पुढेच हेडफोनचं भोक होतं, कधी वापरलं नाही ती गोष्ट वेगळी. नव्याचा आवाज मागच्या बाजूने भिंतीकडे जायचा. सुकदेवने आवाज आणखी वाढवला, आणि सुनेची, सुवर्णाची, सहनशक्ती संपली. “आबा, बाजूवाळा दार ठोकून गेले. टीव्ही धीमा करा ना!” ती वाईट नव्हती बिचारी. काम सुटल्यावर सासऱ्याने सरकारी दवाखान्यातून आणलेलं कानाचं मशीन दोन आठवड्यांत खणात टाकलं, कारण त्यात आधी भांडी वाजायची आणि मग माणसं. तरी ती काही बोलली नाही. उलट मोबाइलच्या दुकानातून बिनवायरचा ब्लूटूथ हेडफोन घेऊन आली.

सुकदेवने तो लावला, आणि पाच मिनिटांत काढून ठेवला. का, तर आवाज मागून यायचा! माणसाचे ओठ मिटल्यावर शब्द पोचायचा. तुम्हा-आम्हाला ते जाणवणारही नाही. पण जो ओठांवर जगतो, त्याला ओठ एक सांगणार आणि कान मागचंच सांगत बसणार, म्हणजे डोकं फिरायची पाळी. सुवर्णाला वाईट वाटलं. “काही केलं तरी यांना चालत नाही,” असं ती स्वयंपाकघरात म्हणाली. पाठमोरी होती, त्यामुळे सुकदेवला ते समजलं नाही.

तेव्हा तो भटूकडे गेला. भटू गोडादऱ्यातच एका गाळ्यात टीव्ही दुरुस्त करतो. तरुणपणी सहा वर्षं कडोदऱ्याला लूमवर होता, वेळीच सुटला, म्हणून त्याचे कान शाबूत. गिऱ्हाइकाने लूमचं नाव काढलं की तो आपणहून समोर येऊन, तोंड नीट दाखवून बोलतो. सुकदेवने त्याला सगळं सांगितलं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बायको काहीतरी बोलली, मी हो म्हणालो, आणि कशाला म्हणालो ते मला माहीत नाही.

भटूने हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, “वायरचा हेडफोन लावू. आवाज ओठांबरोबर येईल.”

पण लावायचा कुठे? नव्या टीव्हीला भोक नाही. मागे एक चौकोनी छिद्र होतं, त्यात लाल उजेड दिसायचा. भटूने समजावलं, आबा, या उजेडातूनच आवाज बाहेर येतो, पण आकड्यांच्या रूपात. हेडफोनला आकडे कळत नाहीत. म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लावायचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. एका बाजूने उजेडाची वायर आत, दुसऱ्या बाजूने आपला साधा आवाज बाहेर, लाल-पांढऱ्या पिनांतून. तो आवाज मात्र अशक्त असतो. तुमच्या कानांना तो पुरणार नाही. म्हणून पुढे हेडफोनचा अॅम्प्लिफायर, त्याला बारीक आवाज वेगळा उचलायचं बटण. आणि मग हेडफोन, मोठा, कान पूर्ण झाकणारा.

“पण एक सांगतो, आबा,” भटू म्हणाला, “जे कायमचं गेलंय ते मशीन परत आणत नाही. जे उरलंय त्याला नुसतं ढकलतं.”

सुकदेवने मान हलवली. मग स्वतःचाच राग येऊन म्हणाला, “ऐकू उनं मले. उरेल शे तितलं ढकल.”

सामान यायला दहा दिवस गेले. सुकदेवला धीर कुठला! सामान आल्याचं कळताच तो ते घेऊन घरी आला आणि स्वतःच जोडत बसला. लाल उजेडाची वायर छिद्रात शिरेचना. त्याने जोर लावला. एकतीस वर्षं लूमशी झुंजलेला हात तो, त्याला हलकं दाबणं माहीतच नाही. वायर शिरली खरी, पण आवाज शून्य. रात्रभर तो तळमळला. सकाळी भटू आला, वायर ओढून बघतो तर तिच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी तशीच! उजेड टोपीत अडकून बसलेला. भटू हसला, सुवर्णा हसली, सुकदेवही ओशाळून हसला. त्या घरात तिघं मिळून हसल्याला बरेच महिने झाले होते.

टोपी काढली, तर आता खरखर. नुसता लूम चालू झाल्यासारखी खरखर. सुकदेवने हेडफोन भिरकावला असता, पण भटूने रिमोट हातात घेतला. टीव्ही मोठ्या स्पीकरांसाठीचा आवाज पाठवत होता, तो या डब्याला उलगडत नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन त्याने पीसीएम नावाचा पर्याय निवडला, आणि खरखर एकदम थांबली. बातम्या लागल्या होत्या. भटूने अॅम्प्लिफायरचं बटण हळूहळू फिरवलं, मग बारीक आवाजाचं दुसरं.

सुकदेवचा चेहरा बदलला. बातम्या सांगणारी मुलगी ‘सुरत शहर’ म्हणाली आणि त्यातले ‘स’ आणि ‘श’ त्याला ऐकू आले. किती वर्षांनी! ओठांवर दिसणारे शब्द आणि कानातले शब्द एकावर एक बरोबर बसत होते. तो हातांनी हेडफोन दाबून धरून बसला आणि रडला. सुवर्णाने पाण्याचा पेला आणून ठेवला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

“बायकांचा आवाज येतो का?” भटूने समोर बसून विचारलं.

“येस आवाज. येस रे!”

त्याने पेन ड्राइव्ह लावला. सुट्टीचा दिवस होता, धर्मेंद्र आतल्या खोलीत पडला होता. व्हिडिओ पुढे सरकला. पंगती उठल्या. फेटा दिसला, थोरला भाऊ दिसला. हिरवी साडी आली, वाकली, पदर हलला.

हेडफोनात एक बाई गात होती. गळा काढून, बासरी आणि सनईसकट, मुलगी सासरी निघाल्याचं हिंदी सिनेमातलं गाणं. शब्द न् शब्द स्पष्ट. कुठेही डीजे नव्हता, माणसांची गडबड नव्हती, भांड्याचा आवाजसुद्धा नव्हता.

सुकदेवने मागे नेऊन परत लावलं. परत गाणं. बटण आणखी फिरवलं, कानात दुखायला लागलं. गाणंच.

“भटू, याच्या खाले ती बोली राह्यनी. गानं कमी कर.”

भटूने हेडफोनची एक बाजू उलटी करून स्वतःच्या कानाला लावली. त्याचा चेहरा उतरला. मग तो सुकदेवच्या समोर उकिडवा बसला, म्हणजे ओठ दिसावेत. “आबा, खाली काही नाही. फोटोवाले मूळ आवाज काढून टाकतात आणि सगळीकडे गाणी चढवतात. सगळेच तसं करतात. लोकांना तेच आवडतं.”

“मंग तिना आवाज?”

“नाहीच आहे, आबा.”

घरातल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लहान पोरालाही कळेल, गाणं चालू आहे म्हणून. फक्त सुकदेवला माहीत नव्हतं, आणि तो पडद्याला कान लावून काय शोधतोय हे त्याने घरात कुणाला नीट सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नव्हतं. अशी ही घरं! एका ताटात जेवतील, पण एक प्रश्न नीट विचारणार नाहीत. भटूला तिथे बसवेना. तो पेचकस खिशात घालून, सुवर्णाकडे बघून नुसती मान हलवून निघून गेला.

बापाचा चढलेला आवाज ऐकून धर्मेंद्र बाहेर आला होता. दाराशी उभं राहून त्याने शेवटचं बोलणं ऐकलं. सुकदेवने हेडफोन न काढताच त्याला विचारलं, “तुले माहीत शे? काय बोलनी व्हती ती?”

धर्मेंद्र लहानपणी डबा घेऊन खात्यात यायचा. तिथलं बिनआवाजाचं बोलणं त्याला येत होतं. तो बापासमोर उभा राहिला आणि तसाच बोलला, ओठ रुंद करून, एकेक शब्द सुटा. सुकदेवच्या कानात ती बाई गातच होती.

“छातीमा गाठ लागस. उद्या माले दवाखानामा लई चला. हाई सांगं तिनी तुम्हले, मंग माले. तुम्ही हो म्हनात.”

सुकदेव त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“मी तिले दर आठवड्याले विचारं, जाई उनी का? ती म्हने, तुना आबा हो म्हनेल शेतस, त्यास्ले येळ भेटी तवय लई जातीन. चार महिने वाट दखी तिनी. मंग हात सुजना. आनि दहाव्याले तुम्ही सांगतस, मले बोलनी नही!”

आता इथे कुणीतरी धर्मेंद्रलाही विचारायला हवं होतं, की बाबा रे, दर आठवड्याला विचारत होतास, तर रिक्षात घालून नेता येत नव्हतं तुला? तुझे कान तर चांगले होते! पण ‘आबा नेणार आहेत’ म्हटलं की पोराला सुटल्यासारखं वाटलं असणार, आणि आई गेल्यावर ते सगळं बापाच्या मानेवर टाकायला बरं पडलं. पाच वर्षं त्याने ते पोसलं. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती, सासूचं ते सांगणं तिलाही ठाऊक होतं.

“मले ऐकू नही उनं व्हतं,” सुकदेव म्हणाला. कानात गाणं असल्यामुळे तो फार मोठ्याने म्हणाला. “धर्मा, देवाशपथ. मले तवयपासूनच ऐकू येत नही. मी नुसती मान हलाई.”

धर्मेंद्र काही तरी बोलला, पण तोवर त्याने तोंड फिरवलं होतं. मग त्याच्या चपला दिसेनाशा झाल्या आणि दार हललं. सुवर्णाने सासऱ्याकडे पाहिलं, जवळ यावं की नाही ते तिला ठरवता येईना, आणि ती स्वयंपाकघरात गेली.

म्हणजे ती लपवून गेली नव्हती. जेठांसमोर, लग्नाच्या गडबडीत, तिला तेवढीच घटका सापडली आणि तिने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बसलीही असेल. आणि तो डबा घेऊन पाळीवर गेला. ती परत बोलली नाही, कारण एकदा हो म्हटलेल्या माणसाला पुन्हा काय विचारायचं? सुकदेवने पाच वर्षं तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

त्याने रिमोट उचलला आणि व्हिडिओ मागे नेला. हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यातून अजून बारीक सूर निघत असावेत, त्याला ते ऐकू येत नव्हते. पंगती उठल्या, हिरवी साडी आली, वाकली, पदर तोंडाशी हलला.

“मले ऐकू नही उनं, कला,” तो पडद्याला म्हणाला. “परत सांग.”

पडद्यावरच्या सुकदेवने मान हलवली.